कागद कोणते, मळा कोणता?



उल्हासनगर कॅम्प २ मधले आमचे तळमजल्याचे घर सोडून आम्ही नुकतेच बदलापूरला दोन खोल्यांत राहायला आलो. इमारत धोकादायक ठरली होती, तेव्हा निघणे भागच होते. पण भिंतींपेक्षा मला जड गेली ती पडवी. अंबरनाथच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून बावीस वर्षे मी तिथे सुतारकाम केले. पाट, चौरंग, देव्हारे, पारायणासाठी घडीचे व्यासपीठ, असे काहीबाही. नव्या घरात जागा एका पेटीपुरती.

आवराआवर सुरू झाली. बोथट करवती, दांडा नसलेल्या पटाश्या, गंजलेले गिरमिट असे सगळे मी जवळच्या फर्निचरच्या कारखान्यात काम शिकणाऱ्या एका मुलाला दिले. मन प्रसन्न झाले. घरी म्हणालो, "आज दान घडले." मंडळी शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला नको होते तेच दिलेत. ती साफसफाई झाली, दान कुठे?"

ते वाक्य मला झोपू देईना.

आपल्या संप्रदायात दोन गोष्टी लहानपणापासून कानावर पडतात. तुकोबांनी कर्जखतांचे कागद इंद्रायणीत सोडले. आणि सावतोबांनी आपला मळा सोडला नाही. अरणच्या त्या मळ्यातच त्यांना पांडुरंग भेटला. मग सोडायचे की धरायचे? विचार करताना उमगले की दोन्हींत विरोध नाही. कागद म्हणजे दुसऱ्यावरचा आपला हक्क, उद्या वसूल करायची आशा. मळा म्हणजे आज हाताला असलेले काम. तुकोबांनी हक्क बुडवला, सावतोबांनी काम जपले. तेव्हा प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच विचारायचे: हा माझा कागद, की माझा मळा?

माळ्यावर सागाच्या आणि शिसवाच्या फळ्या होत्या. 'कधीतरी मोठा देव्हारा करू' म्हणून ठेवलेल्या. ते कागदच होते, आयुष्याच्या नावाने लिहून घेतलेले. त्या दिल्या.

एक फळी मात्र वेगळी निघाली. शेजारच्या एका आजोबांनी गावच्या पडक्या घराच्या दाराची फळी देव्हाऱ्यासाठी आणून दिली होती. मी आज-उद्या करत राहिलो, आणि आजोबा गेले. इथे कथेतला दुसरा भाग आठवला. तुकोबांनी निम्मे कागद आधी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, हाती दिले आणि बुडवले ते फक्त आपल्या वाट्याचे. दुसऱ्याचा वाटा सोडून देणे म्हणजे वैराग्य नव्हे. शेवटच्या आठवड्यात रिकाम्या पडवीत बसून मी तो देव्हारा पुरा केला आणि आजोबांच्या लेकीकडे पोचवला. ती काही बोलली नाही, फक्त लाकडावरून हात फिरवत राहिली.

ज्या जमिनीवर आम्ही राहत होतो, तिलाही हे सगळे ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धातली ती लष्करी छावणी. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे तिथल्या बराकींत उतरली, आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. घर, दुकान, शेती मागे राहिली. हातातले कसब तेवढे बरोबर आले. त्यातूनच बाजार उभे राहिले. अर्थात त्यांनी काही सोडले नव्हते, त्यांचे हिरावले गेले होते. त्याला त्याग म्हणणे हे त्यांच्या दुःखाची थट्टा ठरेल. मला निवडायला महिनाभर तरी मिळाला, हीच केवढी कृपा!

शेवटी उरला वडिलांचा रंधा. वडील सुतार. याच कॅम्पात फर्निचरच्या कामावर त्यांची हयात गेली. त्यांच्या तळव्याने मूठ गुळगुळीत झालेली. पण अकरा वर्षांत मी त्याच्या पात्याला धार लावली नव्हती. माझे काम नव्या लोखंडी रंध्यावर चाले. तो मुलगा फळ्या न्यायला आला तेव्हा त्याने रंधा उचलला, पाते अंगठ्याने चाचपले आणि मुकाट्याने जागेवर ठेवला. मागितला नाही.

रात्रभर मी मनाशी भांडलो. ही वडिलांची आठवण आहे, कागद कसा? पण वडील रंध्यात नव्हते, ते रंधा मारण्यात होते. अन् माझ्या पेटीत तो रंधा नुसता झोपणार होता. सकाळी पात्याला धार लावली, पहिली ढलपी स्वतः काढली आणि रंधा मुलाच्या हातात दिला.

खोटे कशाला सांगू, आजही पेटी उघडली की हात आधी त्याच कोपऱ्यात जातो. तेव्हा थोडे दुखते. दान कशाला म्हणतात हे त्या दुखण्याने मला सांगितले. ते भोगायलाही हरकत नाही.

पेटीत आता एक रंधा, दोन पटाश्या, करवत, गुण्या आणि हातोडी. गॅलरीत पाट होतो. मळा लहान झाला, पण सुटला नाही.

रामकृष्णहरि.