बधिर पायांचे तप

न्हावा शेव्याची थंडी ही काय थंडी, असे घाटावरचा माणूस म्हणेल, आणि पाऱ्याकडे पाहिले तर त्याचे खरेच आहे. खाडीकाठच्या या पट्ट्यात पारा पंधरा-सोळाच्या खाली क्वचितच उतरतो. तरी पौषातल्या पहाटे इथल्या कितीतरी घरांत म्हातारी माणसे पाय पोटाशी घेऊन पडलेली असतात. गोधडी दुहेरी केली तरी पावले गार ती गारच. ही थंडी हवेतली कमी आणि शरीरातली जास्त असते. गारठा लागला की शरीर आतल्या अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळून घेते. धडधाकट माणसाला त्याचे काही वाटत नाही. पण ज्याच्या पायांच्या धमन्या वयाने, मधुमेहाने किंवा विडी-तंबाखूने आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याच्या पावलांपर्यंत मग रक्त पुरेसे पोचत नाही. नडगीवरचे केस झडतात, कातडी पातळ आणि चकचकीत होते, टाचेची भेग महिनोन्महिने मिटत नाही. मिश्रीची डबी कमरेला बाळगणाऱ्या बाईने विडी कधी ओढली नसली तरी तिच्या रक्तात तंबाखू जातेच. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज आला. त्यामुळे हे दुखणे दोन-चार घरांपुरते उरलेले नाही.

याच पायांनी काकड्याला जायचे असते. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेच्या अंधारात, अंघोळ करून, ओल्या पावलांनी, लादीवर उभे राहायचे. नवरात्रात नऊ दिवस वहाणा सोडायच्या, कार्ल्याला एकवीरा आईच्या पायऱ्या अनवाणी चढायच्या. डॉक्टर म्हणतात, घरातसुद्धा अनवाणी चालू नका. मन म्हणते, नवस बोललाय. अशा माणसाने पाय उबदार राखण्यासाठी व्रत सैल केले तर तो धर्माला उणा पडतो का? माझे उत्तर स्पष्ट आहे. तो उणा पडत नाहीच, उलट त्याच्यासाठी पाय राखणे हाच त्या व्रताचा भाग आहे.

तप म्हणजे जाणून सोसणे. जो खडा टोचतो, जी लादी गार लागते, त्यांची जाणीव असूनही माणूस देवासाठी पुढे पाऊल टाकतो, म्हणून त्या पावलाला मोल. आता मधुमेहाने बधिर होऊ शकणाऱ्या पायाची तपासणी पाहा. नायलॉनचा एक जाड धागा, दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा, तळव्यावर टेकवतात. रोग्याने डोळे मिटलेले असतात आणि स्पर्श झाला की 'लागले' म्हणायचे असते. पुष्कळदा धागा पुरता वाकतो आणि रोगी गप्प असतो. त्याच ठिकाणी उद्या काच शिरली तरी तो असाच गप्प राहील. या पायाने अनवाणी चालताना तो नेमके काय अर्पण करतो? वेदना म्हणावी तर ती त्याच्यापाशी नाही. घरी गेल्यावर लादीवर रक्त दिसते तेव्हाच त्याला कळते. जे अनुभवालाच येत नाही ते सोसता येत नाही, आणि जे सोसलेच नाही त्याला तप कसे म्हणायचे? ती नुसती इजा झाली. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच ओळखले होते. रुग्णांची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत, दुखत नसल्यामुळे भाजून, कापून, घासून ती जातात. म्हणून बधिर पायासाठी मऊ रबराच्या तळाची चप्पल हा उपचाराचाच भाग ठरला. पनवेल तालुक्यातच, नेऱ्याच्या शांतिवनात, कुष्ठरुग्णांची सेवा झाली आहे. या परिसराला बधिर पाय म्हणजे काय हे नव्याने सांगायला नको.

परंपरा माझ्या विरुद्ध आहे असे कोणी म्हणेल, तर परंपराच उघडून पाहू. न्हाव्याच्या समोर पाण्यात घारापुरी आहे. तिथल्या लेण्यात शिवपार्वतीच्या विवाहाचे शिल्प कोरलेले आहे. त्या विवाहाआधीचे पार्वतीचे तप कालिदासाने 'कुमारसंभवा'च्या पाचव्या सर्गात वर्णिले आहे. त्यात ती पौषाच्या रात्री पाण्यात उभी राहून काढते. थंडीत पाय गारठवण्याचे याहून थोर उदाहरण आपल्या साहित्यात क्वचितच सापडेल. पण बटूच्या वेषात आलेला शिव तिला आधी काय विचारतो? तुझ्या शक्तीला झेपेल तेवढेच करतेस ना, कारण शरीर हे धर्माचे पहिले साधन आहे. अखेर शिव तिला त्या तपानेच मिळाला, हा आक्षेप मला मान्य आहे. पण तिला गारठा कळत होता, आणि तिचे बळ शाबूत होते. गीतेच्या सतराव्या अध्यायात तर शरीराला पीडून त्यात वसणाऱ्या ईश्वरालाच पीडणाऱ्या घोर तपाची गणना आसुरी निश्चयात केली आहे.

दुसरा पुरावा कार्ल्याचाच. एकवीरेचे देऊळ ज्या बौद्ध चैत्यगृहाच्या तोंडाशी उभे आहे, त्या धर्माच्या भिक्षूंच्या विनयग्रंथात वहाणांवर एक आख्खे प्रकरण आहे. सोण कोळिविस नावाचा अतिशय कोमल तळव्यांचा भिक्षू चालत ध्यान करताना इतका झटला, की त्याची वाट रक्ताने माखली. बुद्धाने त्याला वीणेच्या तारेचे उदाहरण दिले. फार ताणली किंवा फार सैल सोडली तर ती वाजत नाही. आणि मग एकपदरी वहाणांची परवानगी दिली. ती एकट्यासाठी नको, सगळ्या संघाला द्या, असे सोणाने म्हटले आणि तसेच झाले. पुढे अवंती-दक्षिणापथातली जमीन गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली असते, हे कानी घातल्यावर जाड, अनेक पदरी वहाणाही मान्य झाल्या. जमीन पाहून आणि पाय पाहून नियम वाकवला गेला. त्याने संघाची साधना ढळली असे कोणी म्हटलेले नाही.

देहाचे एवढे लाड म्हणजे देहबुद्धी नव्हे का, हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. आसक्ती आणि राखण यांत फरक आहे. देवघरातला दिवा वाऱ्यापासून आडोशाला ठेवणाऱ्याला कोणी दिव्यात गुंतलेला म्हणत नाही. शिवाय जखम चिघळून पाय कापावा लागला, तर त्या माणसाचे आणि त्याच्या घरच्यांचे सारे चित्त पुढची कितीतरी वर्षे त्या देहातच अडकून पडते. देहबुद्धी वाढवायची असेल तर याहून पक्का मार्ग नाही. श्रद्धेने चालणाऱ्याला काही होत नाही, असेही म्हटले जाते. अनेकांना होत नाही, हे खरे आहे, कारण अनेकांचे पाय निरोगी असतात. ज्यांना झाले ते पुढल्या वर्षी दिंडीत दिसत नाहीत, म्हणून त्यांची गणती होत नाही.

उरते देवळाची मर्यादा. वहाणा बाहेर काढाव्यात, त्यात शंका नाही. पण त्या हीन आहेत म्हणून नव्हे. भरताने सिंहासनावर पादुका ठेवल्या आणि पंढरीच्या वाटेवर संतांच्या पादुकाच पालखीत बसतात. प्रश्न रस्त्यावरच्या घाणीचा आहे. देवळापुरते वेगळे ठेवलेले, धुतलेले लोकरी मोजे त्यात बसत नाहीत. सोवळ्यात लोकरीची धाबळी चालत आली आहे. पूजेला बसणाऱ्याच्या अंगावर लोकर पवित्र, आणि दर्शनाला आलेल्या म्हातारीच्या पावलांवर अपवित्र, हे कोणत्या न्यायाने? चरकाने रोजच्या दिनचर्येतच पायांना तेल चोळणे आणि पादत्राण घालणे सांगितले आहे, आणि तेलाने पायांची बधिरता जाते असे म्हटले आहे. धमनीचा अडथळा तेलाने निघणार नाही, पण रोज रात्री तळवा हातात घेऊन चोळणाऱ्याला नवी जखम त्याच दिवशी दिसते, आणि तिथेच पाय वाचतो.

उबेचीही एक मर्यादा आहे. बधिर पाय शेगडीजवळ नेऊ नये, गरम पाण्याची पिशवीही टेकवू नये, कारण भाजले तरी कळत नाही. पाय धुण्याचे पाणी कोपराने पाहावे. मोजा सैल हवा, वर इलॅस्टिकचा वळ उठला तर तो घट्ट आहे. बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. देवळाच्या बाजूने करण्यासारखे तर याहून सोपे आहे. दारापासून गाभाऱ्यापर्यंतच्या लाद्यांवर एक लांब घोंगडे अंथरावे, आणि काकडा संपेपर्यंत ज्यांना उभे राहवत नाही त्यांच्यासाठी भिंतीकडेला दुसरे.