नाव, क्रमांक आणि ओळख

मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटमधल्या यादीतला लुकअप रकाना दुसऱ्या यादीतल्या नोंदीकडे बोट दाखवतो. पॉवर ऑटोमेट या स्वयंचलनाच्या साधनातून तो भरताना नाव देऊन भागत नाही, त्या नोंदीचा आयडी क्रमांक द्यावा लागतो. मूळ यादीत नाव बदलले तरी दुवा टिकतो. म्हणजे ओळख नावात नाही. ‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन रथाच्या दाखल्याने हेच सांगतो : सुट्या भागांना मिळून ‘रथ’ म्हणतात, तसे नाव हा निव्वळ व्यवहार. कोणी म्हणेल, क्रमांकही नावच की! खरे आहे, पण तो कशाचेच वर्णन करत नाही, म्हणून वर्णन बदलले तरी खोटा ठरत नाही. आणि नोंद पुसून त्याच नावाने पुन्हा केली, तर क्रमांक नवा मिळतो. ओळख सारखेपणात नसते, सातत्यात असते.