प्रसादातला बेदाणा

देवापुढचा नैवेद्य घरातल्या सगळ्यांना वाटायचा, मग आमच्या कुत्र्याला, मोत्यालाच का नाही, असा सासूबाईंचा दिवाळीतला प्रश्न असतो. त्यांच्या हातात रव्याचा लाडू, वर टोचलेला बेदाणा. मी तो लाडू मोत्याला देऊ देत नाही. "प्रसाद नाकारायचा नसतो गं," त्या कळवळून म्हणतात.

त्यांचं म्हणणं वरवरचं नाही. गोग्रास आणि काकबळी काढल्याशिवाय पान वाढायचं नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाळलं. पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहेच. आमच्या देव्हाऱ्यातल्या दत्ताच्या तसबिरीतही मागे गाय आणि पायाशी चार कुत्री आहेत. आणि नामदेवांची गोष्ट तर घराघरांत सांगितली जाते: कुत्र्याने पोळी पळवली, तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. पण ते का धावले? कोरडी पोळी त्याला कशी जाईल, या काळजीने. त्यांचं लक्ष खाणाऱ्याच्या घशाकडे होतं. भूतदया ती हीच, असं मी मानते. आपल्याला गोड लागतं ते दुसऱ्याच्या तोंडात घातलं की आपलं समाधान होतं. त्याचं भलं होईलच असं नाही.

बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती बाधतील हे आधी सांगता येत नाही. चॉकलेटमधलं थिओब्रोमीन त्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. मधुमेही पाहुण्यांसाठी आणलेल्या शुगर-फ्री मिठाईत झायलिटॉल असेल, तर ती खाल्ल्यावर कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम उतरते. आरतीचा कापूरही विषारीच. मांजर असेल तर आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या सांभाळा. गिळलेला दोरा आतड्यात अडकून आतडी चुण्या पडल्यासारखी गोळा होतात; मागून दोरा लोंबताना दिसला तरी तो ओढू नका, आतडं फाटतं.

दिवाळीची सुरुवात वसुबारसेने होते. सवत्स गाईची पूजा करायची आणि त्या दिवशी उपास करणाऱ्या बायकांनी दूध-तूप वर्ज्य करायचं. मला यातून एवढंच उमगतं की वासराचं आहे त्यावरचा आपला हात आपण मागे घ्यायचा. म्हणजे सणाचा पहिला दिवसच मुक्या जिवासाठी स्वतःला आवरण्याचा आहे. लाडू न देणं हे त्याच व्रतात बसतं. सुतळी बॉम्ब न लावणंही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली दिवाळीत फटाक्यांना रात्री 8 ते 10 एवढीच वेळ ठरवून दिली. पलंगाखाली थरथरणाऱ्या कुत्र्याला ते दोन तासही जड जातात. नेपाळात तिहारमध्ये कुत्र्याला टिळा लावून, हार घालून पुजतात. आपण निदान त्याला बंद खोलीत पंखा लावून शांत निजू द्यावं.

मोत्याचा नैवेद्य आता सासूबाईच वेगळा काढतात: मऊ भात आणि बिनमिठाचं उकडलेलं चिकन. चतुर्थीला चिकनऐवजी उकडलेला भोपळा.

तुमच्याकडे जनावर असेल तर फराळाचे डबे वरच्या फळीवर ठेवा, पणत्या त्याच्या शेपटीच्या उंचीपासून दूर मांडा. आणि आपले पशुवैद्य सुट्टीवर जाणार असतील, तर त्या दिवसांत कोणाचा दवाखाना उघडा असेल हे वसुबारसेच्या आधी विचारून ठेवा.