उत्तरवयातील प्रेम आणि हास्याची अट

बासू चटर्जी यांच्या ‘खट्टा मीठा’ (१९७८) या चित्रपटात मुलाबाळांचे एक पारशी विधुर व विधवा विवाहबद्ध होतात. त्यांच्या संसाराकडे आपण हसत पाहतो. हे हास्य नैतिकदृष्ट्या निर्दोष आहे काय? विवाहाचे समर्थन येथे उपयुक्ततेने होते : घराला बाई हवी, मुलांना बाप हवा. तरुणांच्या प्रेमाकडे आपण असे कारण मागत नाही. म्हणजे उत्तरवयातील प्रेमाला आपली संमती असते, ती ते सोयीचे व निरुपद्रवी असल्याच्या अटीवर. तथापि अशोक कुमार व पर्ल पदमसी यांच्या अभिनयात सोयीपलीकडची ओढ जाणवत राहते. आस्वादकाची कसोटी तेथेच लागते. त्या ओढीकडे कारण न मागता, तिला न हसता तिच्यासह हसणे, हाच या चित्रपटाचा न्याय्य आस्वाद होय.