बंद गाडी आणि तीन प्रकारचं कर्म



आजचं चिंतन गीतेच्या १८व्या अध्यायातल्या २३ ते २५ या श्लोकांवर. भगवंत इथे सात्त्विक, राजस आणि तामस असे कर्माचे तीन प्रकार सांगतात. मला वाटायचं, ही कामांची यादी आहे: पूजा सात्त्विक, धंदा राजस, भांडण तामस. तसं नाही, हे मला एका बंद गाडीने शिकवलं.

मी सोनईचा. साखर कारखान्यात फिटर होतो, आता रिटायर. आमच्या जुन्या गोठ्यात ताडपत्रीखाली एक एमजी टीसी उभी आहे. इंग्लंडमध्ये १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे १० हजार गाड्या झाल्या. दोन सीटची, उघडी, तारांच्या चाकांची. इंजिन १२५० सीसी, बॉडीचा सांगाडा चक्क लाकडी. दादाने, म्हणजे थोरल्या भावाने, ती नगरला एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून घेतली होती. पुढे वाटणीत आमचं बिनसलं. गाडी माझ्याकडे राहिली. मी ती चालवली नाही आणि दादाला दिलीही नाही. २६ वर्षं!

रिटायर झाल्यावर कामाला हात घातला. पहिल्याच दिवशी ग्रुपवर फोटो टाकला, "मुंबईच्या रॅलीत नेणार." लाइक मोजत बसलो. हे राजस कर्म: धडपड खूप, आणि सगळी 'मी'साठी.

मग घाई झाली. या इंजिनच्या बोल्टांची गंमत अशी की आटे मेट्रिक, पण डोकं विटवर्थ मापाचं. जन्मभर पाने हाताळलेल्या मला हे माहीत होतं. तरी हाताशी होता तो पाना लावला, वर पाइप घालून जोर दिला. बोल्टचं डोकं गोल झालं. नुकसान किती होईल, आपली ताकद किती, याचा विचार न करता केलेलं ते तामस कर्म. काम तेच होतं, बरं का!

त्या संध्याकाळी हिने साधं विचारलं, "गाडी कोणासाठी करताय?"

मला उत्तर देता येईना. गाडी मी 'सांभाळली' असं सगळ्यांना सांगायचो. खरं तर अडवून धरली होती.

दुसऱ्या दिवशी दादाच्या वस्तीवर गेलो. "दादा, इंजिन जाम झालंय. तुझ्याशिवाय जमंना." त्याला आता नीट दिसत नाही. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "काठी दे."

गोठ्यात बाजेवर बसून त्याने एवढंच सांगितलं, "पाना ठेव. प्लग काढ, आत तेल सोड आन् वाट बघ." रोज यायचा, चहा व्हायचा. जुना विषय ना त्याने काढला, ना मी. अकराव्या दिवशी पुढून हँडल लावून मी त्याचा हात त्यावर ठेवला. इंजिन पाव फेरा फिरलं. "फिरलं रे," दादा म्हणाला.

गाडी अजून सुरू झालेली नाही. वायरिंग बाकी आहे, कार्बोरेटर खोलायचाय. होईल तेव्हा होईल. किल्ली आता दादाकडे असते.

तुम्ही विचारता, निष्काम होणं म्हणजे आवडीच्या गोष्टी सोडायच्या का? मला नाही वाटत. २३व्या श्लोकात फळाची हाव नसण्याआधी 'नियत' हा शब्द येतो, म्हणजे आपल्या वाट्याचं कर्म. माझ्या वाट्याचं काम गाडी नव्हतीच, दादाचं देणं होतं. ज्या नेवासे तालुक्यात माउलींनी १२९० साली गीतेवर भाष्य सांगितलं, तिथे राहून हे कळायला मला इतका उशीर झाला.

तुमचा उशीर होऊ देऊ नका. आज हातात घ्याल त्या कामाला एकदा विचारा, "हे कोणासाठी?" आणि कोणाचं काही अडवून धरलं असेल, तर आजच फोन करा.

राम कृष्ण हरी.