देहाचा कंप आणि प्रज्ञेचे स्थैर्य

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन भगवंतांना विचारतो की, स्थितप्रज्ञ पुरुष कसा बोलतो, कसा बसतो, कसा चालतो? उत्तरात भगवंतांनी आवाजाचे, आसनाचे वा पावलांचे वर्णन केलेले नाही. कामनात्याग, दुःखात अनुद्वेग, भय व क्रोध यांचा अभाव, अशी जी लक्षणे त्यांनी सांगितली ती अंतःकरणाची आहेत.

हा भेद कंपवाताच्या रोग्याला फार मोलाचा आहे. जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने १८१७ साली या व्याधीवर निबंध लिहिला. त्याच्यावरून तिला 'पार्किन्सन' हे नाव पडले. मेंदूतील डोपामिन नावाचे द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. त्यामुळे हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, पुष्कळांचे हात कापतात; आवाज क्षीण होतो, मुखावरील भाव लोपतात. म्हणजे बोलणे, बसणे, चालणे ही तिन्ही बदलतात. जबलपूरच्या आमच्या गढ्यात काय किंवा पुण्यामुंबईत काय, पाहणारा सहज म्हणून जातो, 'हा भ्याला आहे, आळसावला आहे, रुसला आहे.' रोगीही लाजेने पंक्तीला बसणे सोडतो.

येथे एखादा शास्त्राभ्यासी गृहस्थ शंका घेईल : दुःख सोसणे हीच साधना असता आपल्या व्याधीची कथा चारचौघांत का सांगावी? शंका क्षुद्र नाही. 'विवेकचूडामणी'त प्रतीकार, चिंता व विलाप यांवाचून दुःख सोसणे अशीच तितिक्षेची व्याख्या आहे. परंतु तेथे ती मुमुक्षूच्या साधनसंपत्तीत गणली आहे. साधकाने ती स्वतः स्वीकारावयाची असते. दुसऱ्यावर लादावयाची नसते. रोग्याला 'सोसा' म्हणून आपण मोकळे होणे ही तितिक्षा नव्हे, ती निष्ठुरता होय. गीता तर योग्यालाही आहार, विहार व निद्रा यांत प्रमाण राखावयास सांगते, आणि देहाला व्यर्थ पीडणाऱ्या तपाला आसुरी ठरविते.

आणखी असे पाहा. पहिल्या अध्यायात अर्जुनाचेही अंग कापले, हातातून धनुष्य गळू लागले. त्याने ते लपविले नाही. सख्याला सांगितले, म्हणूनच पुढील उपदेश घडला. अर्थात त्याचा कंप मोहजन्य होता, तो उपदेशाने गेला. रोग्याचा कंप मेंदूतील विकाराचा आहे. 'धीर धरा' एवढ्याने तो जात नाही. त्याला औषध हवे, ज्ञान हवे, आणि सखाही हवा.

हे सख्य जोडण्याचे कार्य पुण्याचे 'पार्किन्सन्स मित्रमंडळ' मराठीतून करीत आले आहे. मुंबईत डॉ. बी. एस. सिंघल यांनी २००१ साली स्थापिलेली 'पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी' हीही अशाच कार्यासाठी आहे. तज्ज्ञांची व्याख्याने आणि रोग्यांचे व त्यांच्या आप्तांचे मेळावे हे या कार्याचे स्वरूप. अशा ठिकाणी कळण्याजोग्या गोष्टी लहान दिसतात, परंतु संसार त्यांवर चालतो. लेव्होडोपा या औषधाची वेळ चुकवू नये. काहींना ते प्रथिनयुक्त जेवणाबरोबर घेतल्यास कमी लागू पडते. दारात पाय खिळले तर रोग्याला ओढू नये. जमिनीवर रेघ दाखवावी किंवा ताल मोजावा. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असते, म्हणूनच चालू औषधाबरोबर ती मनाने घेऊ नये. पीएसपी, एमएसए यांसारखे सदृश विकार निराळे. त्यांत या औषधाचा गुण बहुधा थोडा येतो.

याहून मोठा लाभ निराळाच. शेजारच्याचा हात कापताना पाहून स्वतःच्या हाताची लाज गळून पडते. रात्रंदिवस सेवा करणारी पत्नी वा सून यांनाही तेथे आपला शीण बोलता येतो. हा विलाप नव्हे. विलाप करणारा दुःखातच रुतून बसतो. निवेदन करणारा उपाय विचारीत असतो.

तेव्हा ज्या घरी असा रोगी असेल, तेथील कर्त्या माणसाने त्याला अशा मेळाव्यास न्यावे आणि स्वतःही शेजारी बसून ऐकावे. घरी त्याचा पेला अर्धाच भरावा. तरीही सांडले, तर मुकाट्याने पुसून घ्यावे व त्याचे बोलणे पुरे होईतो थांबावे. कंप देहाचा आहे. आपली प्रज्ञा किती स्थिर आहे, याची परीक्षा त्या वेळी आपली असते.