आधी तू धाव

मार्गशीर्ष पौर्णिमेला तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी जातीची जनावरं येतात, रेवाल चाल पाहायला माणसं तोबा गर्दी करतात. शहादा तालुक्यातल्या पोरांना घोड्याचं वेड लागतं ते इथेच.

त्याच परिसरातल्या एका गावाची ही गोष्ट. यात्रेनंतर गावाबाहेर घोड्यांची शर्यत व्हायची. वर्गणी, बक्षिसं, मंडप, भोंगे हे सगळं तरुण मंडळी बघत. धावपट्टी मात्र गावातल्या आबांकडे.

काळ्या मातीची धावपट्टी सांभाळणं म्हणजे रोजचं काम. कोरडी पडली की भेगा पडतात, भेगेत खूर अडकतो. पाणी जास्त झालं की तीच माती चिकट होते. म्हणून आबा पावसाळा सरताच वखर घालायचे, ढेकळं फोडायचे, दगड वेचायचे, फळी फिरवून जमीन सारखी करायचे आणि शर्यतीच्या आधी बेताने पाणी शिंपडायचे. बक्षिसाची रेघ ओलांडल्यावर घोड्याला थांबायला लांब मोकळी जागा लागते. तिथे दुकान लावायचं म्हटलं की आबा भांडायला उठत. ग्लँडर्सच्या तपासणीचा दाखला नसलेलं घोडं ते आत घेत नसत, कारण तो रोग माणसालाही होतो आणि बाधा झालेलं जनावर मारावं लागतं. एवढी कडक माणसं कुणाला आवडत नाहीत, पण मैदान अशाच माणसांवर उभं असतं.

एका वर्षी शर्यतीच्या आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला. सकाळी कडक ऊन पडलं. दुपारपर्यंत माती वरून पांढरट दिसू लागली आणि माणसांनी कठडे भरून गेले. आबा अनवाणी चालत गेले, वळणावर काठी रोवली. ती सहज आत गेली.

"आज शर्यत नाही," ते म्हणाले.

एकच गलका झाला. कुमैत घोडीचा मालक पुढे आला. "आबा, वरून वाळलंय की! एवढ्या लांबून आलो, रिकाम्या हाताने जायचं?"

"बैलांच्या शर्यती 2014 पासून 2021 पर्यंत कोर्टाने बंद ठेवल्या. जनावराचे हाल व्हायचे म्हणून. ते दिवस विसरलास का भाऊ?"

"माझी घोडी, माझी जोखीम."

"मग घोडी बांध. आधी तू धाव."

लोक हसले. गडी ताठ्यात धावत सुटला. सरळ रस्ता निभावला. वळणावर वरचा पापुद्रा फाटला, खालचा चिखल सरकला आणि तो खांद्यावर आपटला. हसणं थांबलं. कुणी त्याला उचलायला धावलं, पण तो हात झटकून स्वतःच उठला आणि गुडघ्याचा चिखल बघत राहिला. माणसाचा मोडलेला पाय प्लास्टरमध्ये जुळतो. शेकडो किलोचं अंग पेलणाऱ्या घोडीचा पाय मोडला तर तो सहसा जुळत नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याने काही न बोलता घोडीचं खोगीर उतरवलं.

तरुण मंडळींनी प्रवेश फी जागेवरच परत केली. मंडपाचे आणि भोंग्याचे पैसे मात्र द्यावेच लागले. पोरांनी ते घरचा कापूस विकल्यावर फेडले. काही दिवस आबांशी कुणी धड बोललं नाही.

पुढच्या वर्षी मैदानात शिरताच कुमैत घोडीच्या मालकाने पायताण काढलं आणि धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिली. त्याच्यामागून बाकीचे स्वारही निघाले. वळणावर एकाला दगड सापडला, तो त्याने कठड्याबाहेर टाकला.

त्या दिवशी एकही घोडं जायबंदी झालं नाही.